सुंठ-मिऱ्याचा काढा

समोरच्याच्या पोटात दोन बोटं खुपसायची आणि म्हणायचं, “अग्नी मंद हाय तुमचा!” अकोल्याच्या ज्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो, तिथले हेडबाबू नमस्काराऐवजी हेच करीत. असा एखादा सर्वज्ञ तुमच्याही कचेरीत असेलच.

सकाळी आल्याचा रस, जेवणाआधी लिंबू-सैंधव, जेवणानंतर ओवा, हा त्यांचा स्वतःचा नेम. माणसाचं सुखदुःख त्यांच्या लेखी जठरापलीकडे नव्हतंच. माझे वडील वारले तेव्हा भेटायला आले आणि म्हणाले, “रात्री दही खात असतीन.” तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून उतरला.

कापूस निवडणाऱ्या बायांना दुपारी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा मिळे. हेडबाबूंनी मालक शेठजींच्या डोक्यात भरवलं की फुटाणे जड, त्यानं बाया सुस्तावतात. त्याऐवजी सुंठ-मिऱ्याचा काढा द्यावा. अग्नी पेटला की हात दुप्पट चालतात. शेठजींना काढा स्वस्त पडत होता. हुकूम निघाला. तो मीच लिहिला, वळणदार अक्षरात.

आठवडाभरातच कौतिका नावाची बाई कापसाच्या ढिगावर भोवळ येऊन पडली. हेडबाबू धावले. ती डोळे उघडते न उघडते तोच काढ्याचा पेला तोंडाशी नेऊन म्हणाले, “पी! अग्नी मंद झाला तुहा.”

तिनं पेला हातानं दूर सारला.

“आग लय हाय, बाबू. तिच्यात टाकाले सरपण नाई.”

बाया खाली मान घालून हसल्या. मग एकेक उठली आणि फाटकाबाहेर जाऊन बसली. दोन दिवस यंत्रं थांबली. तिसऱ्या दिवशी फुटाणे परत आले. हेडबाबू मला म्हणाले, “अडाणी लोक! याईले शास्त्र काय समजते?” मी मान डोलावली. त्यांच्याइतकाच मीही तिरस्काराला पात्र होतो. फक्त मला ते कळत होतं.

पुढं दोन वर्षांनी त्यांना रक्ताची उलटी झाली. तिखट पेयांनी आतडी सोलून निघाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी मी गेलो, तो खरं सांगायचं तर जिरलेली पाहायलाच. बायको चमच्यानं दूध पाजत होती. अर्धं ओघळत होतं.

“तुमाले भूक लागते काय हो?” त्यांनी विचारलं.

“लागते.”

“कशी लागते?”

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

पंधरवड्यानं ते गेले. मोर्णा नदीच्या काठी चिता पेटली, आम्ही चार-पाचजण उन्हात उभे होतो. मला रडू आलं नाही. कडकडून भूक मात्र लागली, आणि तिची लाज वाटली.