ओहोटीचं माप
नातवाने संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मला विक्रोळीचा खाडीकडे जाणारा नाला आठवला. ऐंशीच्या दशकात रस्त्याखाली मोरी घालायची म्हणून मी तिथे पाण्याचा वेग मोजत होतो. पद्धत साधी होती: पाण्यात संत्रं सोडायचं, वीस मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघायचं आणि त्या वेगाला नाल्याच्या रुंदी-खोलीने गुणायचं, की सेकंदाला किती पाणी वाहतं ते कळतं. काळ्या, कुजकट पाण्यावरून संत्रं झकास पळालं. काठावरच्या झोपडीतली कोळीण चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत होती. ती म्हणाली, "आता ओहोटी हाय. भरतीला ये, मग मोज." मी ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भरती सहाला, ऑफिस साडेपाचला सुटतं. आलंय ते लिही." मी लिहिलं. पाणी एवढं पळतंय तर निचरा लवकर होईल, लहान पाईप पुरतील, असं ठरलं आणि तेच टाकले. पावसाळ्यात ऐन भरतीला खाडीचं पाणी उलटं चढलं, नाला तुंबून पाणी तिच्या घरात शिरलं आणि पंचनाम्याला मलाच धाडलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "आता मोज." तो गुणाकार मी अजून मनात करून बघतो, आणि दर वेळी तो बरोबरच येतो.