पलीकडच्या काठावरचा बैल

सकाळचे अकरा वाजले की मी अजूनही खुर्ची मागे सरकवते आणि ऑफिसच्या मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहते. दुपारी चार वाजता पुन्हा. नव्या मुलींना वाटतं, दीदी मोबाइलवर बोलायला जातात. वाटू दे. गॅलरीतून तापी दिसते, पलीकडचा काठ दिसतो आणि त्याच्या मागे केळीच्या बागांची हिरवी पट्टी. पाच मिनिटं तिकडे बघायचं, पापण्यांची उघडझाप करायची आणि परत कॉम्प्युटरसमोर बसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलंय. पण त्यांच्या कितीतरी आधी हे मला बडे बाबूंनी शिकवलं होतं. आता मी तिथे एकटी असते, आणि डोळ्यांपेक्षा माझे कानच जास्त ताटकळतात.

बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बुऱ्हाणपुरात हेडक्लार्कला सगळे बडे बाबूच म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा जमिनीची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम नुकतं सुरू झालं होतं. कागद पिवळे, शाई उडालेली आणि प्रत्येक कारकुनाचं अक्षर त्याच्या स्वभावासारखं वाकडं. डोळ्यांत तेल घालून काम करा, असं साहेब म्हणायचे. तेल घालायला डोळे शिल्लक कसे ठेवायचे, ते मात्र कधी सांगायचे नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात माझं कपाळ ठणकायला लागलं. मी टेबलावर डोकं टेकवून बसले होते, तेव्हा बडे बाबू शेजारी येऊन उभे राहिले.

"बेटा, ढोरं दिवसभर खुंट्याला बांधून ठेवली तं काय होईल?"

मी म्हटलं, "मरतील."

"मंग? डोळे बी ढोरंच हायत. चल, चारून आणू."

त्यांनी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या आम्हा चौघांनाही उठवलं आणि गॅलरीत नेलं. तिथे त्यांचा एक नियम होता. प्रत्येकानं पलीकडच्या काठावरची एक गोष्ट सांगायची. कुणी म्हणे धुणं वाळतंय, कुणी म्हणे ट्रॅक्टर चाललाय. "जे दिखलं तेच सांगायचं," ते बजावायचे. "झूट नाही चालणार. झूट बोलून ढोराचं पोट भरत नाही." मग चहा यायचा. त्या पाच मिनिटांत माझ्या कपाळावरची शीर खरोखरच सैल व्हायची. इतकं निवांत मला घरीही कधी वाटलं नाही, हे आज कबूल करून टाकते.

गॅलरीच्या दोन वेळा सोडून बाकीच्या दिवसासाठी त्यांनी दुसरी सोय केली होती. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीला ओल आली होती. ऑफिसात दर वर्षी डोळे तपासायचं शिबिर भरायचं. त्या शिबिरातला एक तक्ता मागे राहिला, मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा, आणि शिपायानं तो ओलीचा डाग झाकायला तिथे ठोकून दिला. बडे बाबू लिहिता लिहिता मान वर करायचे, तक्त्यावर नजर टाकायचे आणि पुन्हा रजिस्टरात शिरायचे. असं वर्षानुवर्षं. शिबिरवालेही आळशीच. तक्ता आयताच टांगलेला दिसला की म्हणायचे, "चलो, इसी से काम चला लेते हैं." बडे बाबू उभे राहून सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. साठीला आलेला माणूस, ना साखरेचा त्रास, ना बीपीचा, आणि नजर अशी!

म्हणूनच त्यांनी पांढरा बैल पाहिला तेव्हा मला शंका आली नाही.

एका चार वाजता त्यांनी पलीकडे बोट केलं. "बाभळीखाली पांढरा बैल उभा आहे. दिखला?" मला बाभूळ दिसली, बैल दिसेना. दुसऱ्या दिवशीही तेच. बैल रोज तिथेच आणि मला रोज दिसत नाही. बाकीचे आपले "हो हो, आहे ना" म्हणून चहाकडे वळायचे. शेवटी घाबरून मीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, डोळे कोरडे पडलेत म्हणाले, थेंब दिले आणि वाचायचा चष्मा. मी विचारलं, "आणि बैल?" ते माझ्याकडे बघतच राहिले. लांबची नजर तर उत्तम आहे तुमची, म्हणाले.

तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. मला वाटलं, बडे बाबू माझी गंमत करतात. त्यानंतर त्यांनी स्वतः काही सांगणं कमी केलं. "तू सांग बेटा, काय दिखून राह्यलं?" असं विचारायचे आणि मी सांगत असताना मान हलवत राहायचे. मला वाटायचं, माझ्या नजरेची परीक्षा चाललीये. मी आणखी बारकाईनं सांगायचे. किती शहाणी होते मी!

त्या वर्षीच्या शिबिरात ते शेवटच्या ओळीत अडखळले. डाव्या हातानं उजवा डोळा झाकून उभे होते आणि मधलंच एक अक्षर आठवेना. आठवेना, हाच शब्द तेव्हा माझ्या मनात आला. तो तक्ता एव्हाना मलाही पाठ झाला होता. मी मागून हळूच म्हणाले, "ख." ते हसले, "ख" म्हणाले आणि ओळ पूर्ण केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ते एक अक्षर मी गिळलं असतं तर कदाचित त्यांचा एक डोळा तरी वाचला असता.

पुढच्या वर्षी ऑफिसला रंग लागला. मजुरांनी तक्ता ओढून काढला, तो फाटला आणि टोपलीत गेला. शिबिरवाल्यांनी आपला नवा तक्ता आणून त्याच खिळ्याला टांगला. बडे बाबूंची पाळी आली. ते नेहमीसारखे ताठ उभे राहिले, डोळ्यावर हात ठेवला आणि धडाधड म्हणायला लागले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, "ख"सकट, सगळी जुनी अक्षरं.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना ते कळलं. ते हात खाली न घेता तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तक्ता बदलला का?"

काचबिंदू निघाला. तो कडेनं खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही, एवढंच मला समजलं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं ते उरलेलं राखायला, आणि राहिला तो फक्त उजेड-अंधाराचा फरक. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल दिली तेव्हा त्यांनी ती हातानं चाचपून पाहिली. मग ते शाहपुरला मुलाकडे राहायला गेले.

मला जायला आठ महिने लागले. काम होतं वगैरे मी सगळ्यांना सांगत होते, पण मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. मग वाटलं, ज्यांना तोंड दिसतच नाही त्यांच्यापुढे कसली लाज, आणि या विचाराचीच इतकी लाज वाटली की त्याच रविवारी बस धरली. सुनेनं चहा दिला. बडे बाबू म्हणाले, "वरती चल. चार वाजत आले असतील."

गच्चीवर त्यांनी कठड्याला हात लावला आणि समोरच्या केळीच्या बागांकडे तोंड करून उभे राहिले. दिशा बरोबर होती.

"दवाई टाकतेस का डोळ्यात? का कॉम्प्युटरात मुंडी घालून बसतेस?"

"टाकते. अकरा आणि चारला गॅलरीतही जाते." आणि मग माझ्या तोंडून ते निघालंच. "बडे बाबू, त्या दिवशी 'ख' मी सांगायला नको होता."

"तू नसता सांगितला तं मी खोकून वेळ काढला असता. मला मालूम होतं, बेटा. भेव वाटे. रजिस्टरं हातातून गेली तं मी ऑफिसात काय करू? चहा पिऊ दिवसभर?" त्यांनी हनुवटीनं बागांकडे खूण केली. "चल, सांग. काय दिखून राह्यलं?"

त्यांना काहीतरी छान द्यावंसं वाटलं मला. मी म्हणाले, "बांधावर पांढरा बैल आहे."

"तो बैल माझा होता," ते म्हणाले. "खरा असा कधीच नव्हता. तुम्ही सगळे सांगायचे, मला पलीकडचं काहीच दिखत नव्हतं, म्हणून एक पाळला. आता तू नको पाळू. माझा नियम मीच मोडला, आता तू तरी खरं सांग. तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर आहे मी आता."

मी समोर बघितलं. सगळं हिरवं एकमेकांत मिसळलं होतं.

"काही दिसत नाही," मी म्हणाले.

"का बरं?"

"पाणी आलंय."

"मंग पूस," ते म्हणाले, "आणि पाहा. मी थांबतो."

मी ओढणीनं डोळे पुसले आणि अगदी जवळच्या बांधापासून सांगायला सुरुवात केली.