सकरकाकूंची स्थळं

सकरकाकू मुलगी द्यावी तसा मासा द्यायच्या. आधी घर बघायच्या, मग टाकी, आणि शेवटी घरातल्या बाईला स्वयंपाकघरात नेऊन विचारायच्या, "तुला हवाय का? ह्यांना हवाय म्हणून हो म्हणू नकोस. हौस पुरुषांची, पाणी बदलायचं तुला." त्या अंबरनाथला राहत. लोकांच्या टाकीत न मावणारे सकर गोळा करायचे आणि त्यांना मोठं घर शोधून द्यायचं, हा त्यांचा उद्योग.

सकर म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा ठिपकेवाला मासा. आमच्याकडे काचेच्या टाक्यांचं वेड आलं तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधले दुकानदार प्रत्येक टाकीबरोबर बोटाएवढा सकर गळ्यात मारत. तो फूटभर वाढतो, हे सांगायचं मात्र विसरत. काकू दुकानात उभ्या राहून गिऱ्हाइकांना ते सांगायच्या. एक सिंधी दुकानदार वैतागून म्हणाला, "आंटी, आप ही गल्ले पे बैठो, मैं घर जाता हूँ." काकू खरोखर बसल्या आणि दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

आमची गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी तेव्हा बदलापूरला, कुळगावात एकटा राहत होतो. माझ्या दोन फुटी टाकीत सकर एवढा वाढला, की वळताना त्याची शेपटी काचेवर आपटायची. वर तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटू लागला. त्याला नदीत सोडून पुण्य मिळवायचा बेत मी ऑफिसात ऐटीत सांगितला. तिथला एकजण काकूंचा शेजारी निघाला. रविवारी सकाळी काकू बादली घेऊन माझ्या दारात हजर.

"हा परदेशी मासा. नदीत मेला तर तू मारलास. जगला तर इथल्या माशांच्या तोंडचा घास काढेल. यात पुण्य कुठलं रे?"

काकू टाकीत डोकावल्या. "खायला काय घालतोस?"

"काचेवरचं शेवाळ खातो की."

"काच तर लख्ख आहे. उपाशी आहे तो, म्हणून दुसऱ्यांना चाटतोय. साफसफाई करतो म्हणून त्याला जेवण नको?"

माझ्याच घरातली काकडी चिरून, दगडाला बांधून त्यांनी पाण्यात सोडली. सकर तिच्यावर असा तुटून पडला की मला मान वर करवेना. त्याला काढायला मी जाळी घेतली, तर काकूंनी हातावर फटका मारला. पंखांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून त्या मासा नेहमी डब्यातच घ्यायच्या. त्या दिवसापासून मला काकूंचा धाक वाटायचा, आणि अभिमानही. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबर स्थळं बघत हिंडलो.

मग काकूंची नजर अधू झाली. मुलगा त्यांना नागपूरला न्यायला निघाला. त्यांच्या स्वतःच्या टाकीत बारा वर्षांचा 'आबा' होता, हातभर लांब. एवढा मोठा मासा कोणालाच नको होता. ज्यांची अडचण काकूंनी सोडवली होती, त्यांनीही जागेची सबब सांगितली. जायला आठवडा उरला, तेव्हा मी म्हणालो, "काकू, मला द्या."

तोवर माझं लग्न झालं होतं, घरात चार फुटी टाकी आली होती. तरी काकू स्थळ बघायला आल्याच. टाकी वितींनी मोजली, पाण्यात बोट बुडवून पाहिलं, आणि माझ्या बायकोला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. घर एवढंसं, सगळं ऐकू येत होतं.

"तुला हवाय का?"

"खरं सांगू? नाही. मला टाकीचा वासही सहन होत नाही."

एकदा 'नाही' ऐकलं की काकू कधीच दुसऱ्यांदा विचारत नसत.

"पण तुमचा आहे ना," बायको म्हणाली. "मी सांभाळीन त्याला."

मग काकू पदराने डोळे पुसत बाहेर आल्या.

"उद्या येऊन घेऊन जा त्याला," मला म्हणाल्या. "किल्ली शेजारी ठेवते. मी थांबायची नाही घरात."