अळूच्या डब्यातली माती

प्रयोगशाळेच्या भट्टीत मातीचे नमुने सुकायला लागले की त्या तापल्या वासानं घोडपदेवच्या चाळीतली शेजारची काकी आठवते. तेव्हा ब्लड कॅन्सरनं तिचा मुलगा नुकताच गेला होता. किरणोत्सार मोजायचं नवं यंत्र मित्रांपुढे मिरवत मी तिच्या गॅलरीतल्या अळूच्या डब्यावर धरलं, तर टकटक सुरू झाली. "काकी, बॉम्ब पेरलाय काय?" एक मित्र हसला. तिचा चेहरा उतरला. "माहेरची माती आहे रे. ह्यातलंच अळू त्याला खायला घालायचे. त्यानंच गेला काय?" मी ऐटीत म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही." तिनं अळू मुळासकट उपटलं, माती ओंजळी-ओंजळीनं गटारात टाकली. तशी टकटक कुठल्याही मातीवर होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ती मरेपर्यंत भिंतीपलीकडे राहूनही मी तिला ते सांगितलं नाही.