परखड म्हणायचं त्यांना

पेशंटने तोंड उघडलं की डॉक्टरांचा तळहात वर यायचा. "थांबा. विचारीन तेवढंच बोला." मग डोळे मिटायचे, मान किंचित मागे जायची. असा तळहात तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. बँकेत, शाळेच्या ऑफिसात, कदाचित घरातसुद्धा.

शनिवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता. हाताला गुण होता, ते मी नाकारणार नाही. माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा जेवण टाकून आले आणि ताप उतरेपर्यंत तिच्या उशाशी बसले. तिच्या कपाळावर हात ठेवणारा तो माणूस आणि तळहात दाखवणारा माणूस एकच होता, हे मला अजून पचत नाही.

माझा भाचा खराडीला कंपनीत आहे. एकदा तो म्हणाला, "डॉक्टर, मला वाटतं व्हायरल असावं."

"वाटतं? तुम्हालाच वाटायला लागलं तर मी काय मंडईत भाजी विकू?"

भाच्याने हे कौतुकाने स्टेटसला ठेवलं. आमच्याकडे तशी रीतच होती. डॉक्टरांनी कुणाचा कसा अपमान केला, हे आम्ही एकमेकांना पेढे वाटल्यासारखं सांगायचो. जितका जहरी टोमणा, तितका माणूस विद्वान.

आपली मराठी काही गरीब नाही हो. उर्मट, मग्रूर, तुसडा, शिष्ट, आढ्यताखोर, दीडशहाणा, नाकाने कांदे सोलणारा. हे सगळे शब्द आम्ही सढळ हाताने वापरतो, पण कुणासाठी? रिक्षावाल्यासाठी, सुनेच्या माहेरच्यांसाठी. सून एक वाक्य बोलली की उर्मट, डॉक्टर दहा बोलले की परखड. परखड, स्पष्टवक्ते, शिस्तीचे. आतून फणसासारखे गोड, असंही म्हणायचे. मला तर आता फणसाचाही राग येतो.

आमच्या वरच्या मजल्यावर रेखा राहायला आली. मूळची वर्ध्याकडची, नवरा हडपसरला कारखान्यात. जिना चढताना दम लागला की माझ्या दारात टेकायची आणि हसायची. एका संध्याकाळी ती दवाखान्यात गेली.

"साहेब, छातीत कसंतरी होऊन राहिलं."

"होऊन राहिलं!" डॉक्टरांनी तिचा हेल काढून दाखवला. "बाई, आधी मराठी शिकून या, मग छाती तपासू."

बाकावरची सगळी माणसं हसली.

आता इथे काय करायचं, हे पेठेत जन्मलेल्या कुणालाही ठाऊक होतं. आपणही हसायचं, जागचं हलायचं नाही आणि म्हणायचं, "बरं, ते शिकते. आता तपासा तरी." मग डॉक्टर पुटपुटत स्टेथोस्कोप लावायचे. पण रेखाला ही रीत कुणी सांगितली होती? तिच्या गावात अपमानाला अपमानच म्हणतात. ती उठली, "येते जी" म्हणाली आणि निघून आली. डॉक्टरांनी तिला परत बोलावलं नाही. म्हणाले, "पुढचे कोण?"

मला हे कळलं ते विनोद म्हणून. दूध आणायला गेले तर दुकानात आजचा किस्सा रंगला होता. मी तशीच तिच्या दारी गेले.

"मी काही खोटं नव्हती बोलून राहिली, ताई," ती म्हणाली. पदराने छाती चोळत होती.

"चल, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता."

"नको. आता बरं वाटून राहिलं. अन् तिथंबी हसले तं?"

माझं तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना ती कोसळली. नवऱ्याने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. आदल्या दिवशी लावायचा स्टेथोस्कोप त्यांनी आता लावला, बराच वेळ धरून ठेवला. मग ते उठले.

नवरा म्हणाला, "साहेब, काल ती तुमच्याकडं..."

आणि तळहात वर आला. सवयीने असेल, घाबरून असेल. मला काय करायचंय? एका बाईचा जीव गेला होता आणि तिच्या माणसालाही वाक्य पुरं करू दिलं नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टर गेले. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार, समोर समई. जो तो उठून आपापला किस्सा सांगत होता, माणसं हसता हसता डोळे पुसत होती. परखड, स्पष्टवक्ते, फणस. माझं नाव पुकारताना सूत्रसंचालक म्हणाले, "थोडक्यात बोला हं."

उर्मटपासून दीडशहाण्यापर्यंत सगळे शब्द मी घरून घोकून आले होते. माइकसमोर उभी राहिले आणि त्यातला एकही मला पुरेना. मी फोटोकडे वळले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "रेखाच्या छातीत कसंतरी होऊन राहिलं होतं."

दवाखान्यातल्या बाकावरची बरीचशी माणसं समोरच बसली होती. या वेळी कुणी हसलं नाही.