देव्हाऱ्यात गाळलेलं कैसर-ए-हिंद

आई अंथरुणाला खिळल्यापासून एकच धोशा लावून बसली होती. "माझ्या आजीचं पदक मामाच्या घरी आहे का, बघून ये." डॉक्टरांनी हात टेकलेले. मी शनिवारी सकाळी उठून शिवाजीनगरला संगमनेरची एसटी पकडली.

पदकाबद्दल थोडं सांगते. इंग्रजांच्या राणीने हिंदुस्थानातल्या बायकांसाठी खास एक सन्मान काढला होता, 'क्राऊन ऑफ इंडिया'. हिरे, मोती, आकाशी फीत. तो राण्या-महाराण्यांना आणि व्हाइसरॉयच्या बायकोला. बाकीच्यांसाठी पुढे 'कैसर-ए-हिंद' आलं. ते पुरुषांनाही मिळे, पण बायकांच्या पदकाची गडद निळी फीत बो बांधून खांद्याशी लावत. आईची आजी चंद्राबाई तरणीताठी विधवा. नगरला मिशनच्या दवाखान्यात शुश्रूषा शिकली आणि प्लेगच्या छावणीत राबली, म्हणून तिला चांदीचं मिळालं. लहानपणी आम्ही ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली, की मला तर ती महाराणीच वाटायची.

कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. बायकांचा सरकारी सन्मान हल्ली असा मिळतो, आणि खरं सांगते, तो उपयोगी तरी पडतो! आळेफाट्याला गाडी थांबते. तिथली मिसळ ऐंशी रुपये, तर्री जपून घ्या. चंदनापुरी घाटाचा रस्ता आता ऐसपैस झालाय, साडेतीन-चार तासांत संगमनेर. स्टँडबाहेरून आईच्या मामाच्या गावाला काळीपिवळी जीप जाते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मी पाऊण तास उन्हात बसले. वाटेत नुसता ऊस, आणि डिसेंबर असूनही धूळ.

घरी मालनमामी होत्या, आईच्या मामेभावाच्या पत्नी. सत्तरी ओलांडलेली, कंबरेत वाकलेल्या. चहा झाल्यावर मी विषय काढला.

"पदक?" मामींनी कपबशा गोळा केल्या. "ते कुटलं आता, बाई. ते तवाच गाळलं."

मला वाटलं, मोडून खाल्लं असेल. रागच आला. मामींनी हाताला धरून मला देव्हाऱ्यापाशी नेलं. खंडोबा, भवानी यांचे चांदीचे टाक होते. नक्षी ठोकलेले ते छोटे पत्रे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या शेजारी आणखी एक, जाडसर. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली बाई.

"ह्याच त्या. त्याच चांदीत त्यांचाच टाक पाडलाय."

मी मोबाईलवर त्या टाकाचा फोटो काढला. मामी सांगू लागल्या, त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. चंद्राबाई नगरला साहेबाच्या हातून पदक घेऊन, ते खांद्याला लावूनच घरी आल्या. दिराने उंबऱ्यातच अडवलं. प्लेगची मढी शिवलेली बाई घरात नको. दोन लेकरं आत होती, आईची आई आणि तिचा भाऊ. त्यांना दाराशीसुद्धा येऊ दिलं नाही.

"मग कुठे राहिल्या?"

"वढ्यापल्याड खोपीत. धा-बारा वर्सं. गावातल्या बायका अडल्या की रातीच्या बोलवायच्या, उजाडलं की कुनी वळख दाखवायचं न्हाई. मेल्या तवा खांदा द्यायला घरचं कुनी गेलं न्हाई."

"आणि हा टाक?"

"म्होरं ह्या घरात एका सालात दोन तान्ही लेकरं गेली. देवरुशी म्हनला, घरची बाई भायेर हाय, तिला आत घ्या. खोपीत पेटी हुती, तीत ते पदक घावलं. संगमनेरच्या सोनारानं गाळलं. तवापासनं दर नवरात्रात त्यांचा निवद आदी, मग आमचं जेवान. मी बी लई भ्याले हुते त्यांना, लगीन करून आले तवा."

इंग्रज राजाच्या नावाचं अक्षर, मुकुट, सगळं त्या मुशीत गेलं होतं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या उंबऱ्याचं, जो ओलांडून मी नुकतीच चप्पल काढून सहज आत आले होते. आईसाठी टाक दोन दिवस नेऊ का, असं विचारलं. मामींनी मान हलवली.

"न्हाई बाई. त्या आता ह्या घराभायेर जायच्या न्हाईत. येकदा झालं तेवडं पुरं."

परतीच्या गाडीत उभ्यानेच आले, नारायणगावपर्यंत जागा नव्हती. आईला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव करत होते. पदक गाळलं म्हटलं तर ती खचेल. सगळं सांगितलं तर लहानपणापासूनची महाराणीच जाईल.

आई जागीच होती. मी मोबाईलवरचा फोटो तिच्या डोळ्यांजवळ धरला. 

"पदक नाही राहिलं, आई."

"पदकाला काय चाटायचंय? माझी आई मरताना मला म्हणाली होती, तिच्या आईला त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ते पदक देव्हाऱ्यात ठेवलंय, असं नंतर कुणीतरी सांगितलं होतं. मला तेवढंच बघायचं होतं, तिला आत घेतलं का." आईने माझा हात घट्ट धरला. "घेतलं का गं?"

"घेतलं, आई."

घाबरून घेतलं, मेल्यावर घेतलं, हे मी सांगितलं नाही. तिला जायला पुढे नऊ दिवस लागले, आणि फोटो उशाशीच होता. हे सगळं आज इथे लिहितेय, कारण माझा ब्लॉग रोज वाचून दाखवायला लावणारी आता घरात नाही.