वैशाखातली बोरं

माझे किस्से जळगावात पुष्कळांनी ऐकलेत. टपरीवर मी उभा राहिलो की माणसं दुसरा चहा सांगतात. हा किस्सा मात्र कुणालाच सांगितला नाही – बायकोलासुद्धा नाही. इतर किश्शांत मी माझंच हसं करून घेतो. इथे दुसऱ्या कुणाचं केलं.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. मेहरूणकडची काही बोरीची झाडं तोडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मी एका स्थानिक पेपरात लेख लिहिला. काय लेख होता तो! भर वैशाखात झाडाखाली टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी, टोपलीत टपोरी बोरं, डोक्यावर ऊन. लोकांचे फोन आले, दोघं तर फोनवरच रडले. झाडं राहिली.

मग मोह बघा – तोच लेख मी वर्गात वाटला. मन वळवणारा लेख कसा तपासायचा, हा धडा. कोण बोलतंय, कुणाशी? पुरावा काय? काळजाला हात कुठे घातलाय? काय सांगायचं टाळलंय? आणि शेवटी – काम झालं का? शिकवलं मी चांगलंच. उत्तरं मात्र मला कौतुकाचीच हवी होती.

बहुतेकांनी ती दिलीही. मग रूपाली उठली. पिंपळनेरकडची. आईबाप शेतमजूर, हंगामात रानातलं गोळा करून बाजारात विकायचे. वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. कागदावरून वाचू लागली – लेख परिणामकारक आहे, मला रडू आलं, म्हणून मी तो परत वाचला.

ऐकताय ना? रडू आलं, म्हणून परत वाचला. याहून चांगलं काही मी आजवर शिकवलेलं नाही.

पुढे तिने मोजून दाखवलं – झाडांवर तीन वाक्यं, म्हातारीवर चौदा. मग कागद खाली घेतला आणि घाबरत घरच्या बोलीत विचारलं, "पण सर, वैशाखमा बोरं कोठून उनात?"

कुठून आली? बोरं तर थंडीत येतात. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण उन्हाशिवाय म्हातारी उठून दिसत नव्हती.

"बरोबर आहे तुझं" – तीन शब्द. किती जड असतात हो तीन शब्द? मी नकलाकार माणूस. मान तिरकी केली, तिचाच कापरा आवाज काढला – "कोठून उनात वं माय, कोठून उनात?" हशा पिकला. तो ओसरेपर्यंत थांबलो – वेळ साधणं मला जमतं – आणि आवाज खाली आणून म्हणालो, "ती माझी आत्या होती. मागच्या महिन्यात गेली."

मला आत्याच नव्हती. ती म्हातारीही नव्हती.

रूपालीने सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. कागदाचा बोळा करून मुठीत धरला. धुळ्याच्या वादविवाद स्पर्धेला तिने नाव दिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी काढून घेतलं. मी विचारलं नाही, का काढलंस म्हणून.

आता ती साक्रीकडे एका शाळेत शिकवते. दर आखाजीला तिचा फोन येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे वारलेल्या माणसांची घागर भरतात, त्यांच्या नावाने पुरणपोळी वाढतात. रूपाली घरच्या पितरांसोबत एक घास माझ्या आत्याच्या नावाने काढते. इतकी वर्षं.

यंदा म्हणाली, "सर, पोरांना लेख तपासायला शिकवते ना, तेव्हा माझी चूक आधी सांगते. वाचून रडू आलं तर मग खोदत बसू नका म्हणते. त्यामागे कुणाचं तरी माणूस असतं."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं, तिलाही घाई नव्हती. मी घसा साफ केला – आणि माझा तो ठेवणीतला, भरून आलेला आवाज लावला. "छान शिकवतेस, पोरी."

तिला वाटलं, मी आत्याच्या आठवणीने रडतोय. ती बराच वेळ माझी समजूत काढत राहिली. मी काढू दिली.